सहाव्या ट्रेचा नंबर

‘रोजच्या व्यवहारातलं ख्रिस्ती जीवन’ या विषयावर नाताळ अंकासाठी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. या विषयावर लिहिणारे आम्ही लोक बहुधा विनयाचा आव आणून स्वतःचंच कौतुक करतो. मी स्वतः हे काम चर्चच्या मंडळीत उभं राहून पुष्कळ वर्षं केलेलं आहे, त्यामुळे त्यातली सगळी हातचलाखी मला ठाऊक आहे. मग वाटलं, एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगून टाकू. आता कोणी नोकरीवरून काढणारही नाही.

मी मूळचा मिरजेचा. बेंगळुरूला पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. हीट ट्रीटमेंट म्हणजे काय, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते सांगत, ‘गायकवाड लोखंड भाजतात.’ ते अगदीच चूक नव्हतं. पोलादाचा भाग भट्टीत लालभडक करायचा आणि एकदम तेलात बुडवायचा. त्याने तो इतका कडक होतो की काचेसारखा ठिसूळ बनतो. जोरात आपटला की तुटेल. म्हणून त्याला दुसऱ्या, कमी तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवायचं. याला टेंपरिंग म्हणतात. त्याने थोडा कडकपणा जातो आणि अंगात सोसण्याची ताकद येते. यानंतर माझं काम सुरू होई. माझ्या खोलीत एक मशीन होतं. त्याच्या हिऱ्याच्या टोकाने भागावर बारीक खड्डा पाडायचा आणि डायलवर कडकपणाचा नंबर वाचायचा. तो नंबर सर्टिफिकेटवर लिहून खाली सही करायची. बस, एवढंच. पण त्या नंबरावर विसंबून कोणी तरी गाडी चालवतं, हे विसरून चालत नसे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. यशवंतपूरचा एक नारळवाला आपला कोयता घेऊन आला होता. धार कधी जाता कामा नये, असा त्याचा आग्रह. मी म्हटलं, तेवढा कडक केला तर करवंटीवर बसल्याबरोबर तुकडा उडेल. त्याने विचार करून सांगितलं की कडकही हवा आणि तुटायलाही नको. मी म्हटलं, बाबा, पोटासाठी मी रोज तेवढंच करतो.

आमचे मालक नंजुंडप्पा. तोंडाने फटकळ, मनाने बरे. भट्टीवर बसवराज, म्हणजे आमचा बसू, होता. तो अथणीकडचा, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलखातला. सगळा कारखाना मला सर म्हणे, हा एकटा अण्णा म्हणायचा. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागे. माझ्या मशीनपाशी आला की बसू थबकून माझ्याकडे बघे. अण्णा ख्रिश्चन, चालेल का नाही, अशी त्याला शंका. मी सांगत असे की त्या हिऱ्याच्या टोकाला सोडून कुठेही लाव. दुसऱ्या दिवशी मी फडक्याने कुंकू पुसायचो आणि तोवर तो कुठे तरी लांब उभा असायचा. आमचं छान जमत असे.

माझा लौकिक कशाने झाला तेही सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. एकदा गिअरचा एक लॉट दोन नंबरांनी कमी आला. गिऱ्हाईक दारात उभं होतं. दोन नंबरांनी काय बिघडतं, असं मालक चार वेळा म्हणाले. मी लिहिलं नाही. लॉट परत भट्टीत गेला आणि मालक आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पण नंतर तेच प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागले, ‘नम्म इन्स्पेक्टर क्रिश्चन. सुळ्ळ बरेयल्ला.’ आमचा इन्स्पेक्टर ख्रिश्चन आहे, खोटं लिहीत नाही. मला ते फार आवडायचं. ही गिअरची गोष्ट मी मंडळीत निदान तीन वेळा सांगितली असेन. दर वेळी त्यात मालक जरा जास्त ओरडायचे.

आता त्या शुक्रवाराकडे येतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि दिवस उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा. मल्लेश्वरममध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी होती. त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते आणि ख्रिस्ताने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी पहिला उद्गार, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’, माझ्याकडे होता. पहिला म्हणजे बाराच्या ठोक्याला उभं राहायला हवं. मी पंधरा दिवस तयारी केली होती, आरशासमोरसुद्धा. मालकांनी त्या दिवशी कारखाना अर्धा दिवस ठेवला होता.

नेमकं त्याच दिवशी होसकोट्याच्या एका गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचं तातडीचं काम होतं. स्टिअरिंगचे आर्म. चालकाने चाक फिरवलं की ते वळण पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा हा दांडा. तो तुटला तर स्टिअरिंग फिरवत बसा, चाकं आपल्या मर्जीने जातात. त्यांच्याकडे गाड्या तयार होऊन फक्त या आर्मसाठी अडून राहिल्या होत्या. सहा ट्रे होते, एका ट्रेत चाळीस आर्म. प्रत्येक ट्रेमधले दोन आर्म मी तपासायचे असा नियम होता.

पाच ट्रे तपासून झाले. सगळे नंबर बत्तीस नाही तर तेहतीस, हवे तसे. सहावा ट्रे अजून छर्ऱ्याच्या मशीनमध्ये साफ होत होता. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. मला घरी जाऊन सदरा बदलायचा होता. मी मशीनजवळ जाऊन पाहिलं. अजून वीस मिनिटं लागतील असं मशीनवाला म्हणाला. मी परत खोलीत आलो आणि सर्टिफिकेटवर सहाव्या ट्रेसमोर लिहिलं, बत्तीस, तेहतीस. खाली सही केली आणि स्कूटर काढली.

इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पण करताना जराही अडखळलो नाही, हे मला आजही खटकतं. पाच ट्रे बरोबर आले म्हणजे सहावाही येणार, अशी मनाची समजूत घातली आणि निघालो. बाराला उभा राहिलो. क्षमा या विषयावर मी वीस मिनिटं बोललो. मागच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

शनिवारी सकाळी नऊला कामावर आलो. सवयीप्रमाणे आधी दोन्ही भट्ट्यांची रजिस्टरं चाळली. पहिल्या भट्टीच्या रजिस्टरात काल सहा ट्रे होते. टेंपरिंगच्या रजिस्टरात पाच होते.

मी परत मोजलं. पाचच होते. दुसऱ्या भट्टीत एका वेळी पाच ट्रे मावायचे. सहावा बाहेर थांबला असणार, आणि अर्ध्या दिवसाच्या घाईत तो तसाच साफ करायला गेला असणार. साफ झाल्यावर सगळे आर्म सारखेच राखाडी दिसतात, डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. मशीनवर एक जरी लावला असता तरी पन्नासच्या वर नंबर आला असता आणि तिथल्या तिथे सगळं उघड झालं असतं. त्याऐवजी काचेसारखे ठिसूळ चाळीस आर्म माझ्या सहीनिशी काल दुपारीच होसकोट्याला गेले होते. तिथे अडलेल्या गाड्यांवर ते एव्हाना चढतही असतील.

आता कोणीही शहाणा माणूस काय करील? टेबलावर फोन होता. होसकोट्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. मी उठलो, दाराला कडी घातली आणि मशीनच्या मागे गुडघे टेकले.

पुष्कळ वेळ मी तसाच होतो. प्रभू, यातून मार्ग दाखव, असं म्हणत होतो. मधेच उठून रजिस्टर पुन्हा बघायचो, कोणी नोंद करायला विसरलं असेल या आशेने. मग पुन्हा गुडघ्यावर. दारावर कोणी टकटक केली तर थांबा म्हणायचो. बाहेर भट्टीचा आवाज चालू होता, जेवणाचे डबे उघडल्याचा वास आला, तेव्हा बारा वाजल्याचं कळलं.

दार पुन्हा वाजलं. बसू होता. मी कडी काढली. तो आत आला तो भिंतीला टेकूनच उभा राहिला. चेहरा उतरला होता. आताच रजिस्टर बघितलं म्हणाला. काल सहावा ट्रे टेंपरिंगला लावायचा त्याच्याकडून राहिला होता.

“माझी चूक हाय, अण्णा. मालकास्नी सांगतो. नोकरी गेली तर गेली.” मग माझ्याकडे बघून जरा धीर आल्यासारखा तो म्हणाला, “पर तुमी नंबर लिवलाय न्हवं. मी सर्टिफिकेटची कापी बघितली. तुमी लिवलाय म्हंजे बघितलायच. मग ठीकच आसंल की वो?”

तेवीस वर्षांत माझ्या प्रामाणिकपणाला इतकं मोठं सर्टिफिकेट कोणी दिलं नव्हतं, आणि मला ते ऐकवेना. मी म्हटलं, “बसू, मी बघितलं नाही. तसाच लिहिला.” त्याला कळायला थोडा वेळ लागला असावा. मी फोन उचलला.

होसकोट्याच्या मॅनेजरांना सांगितलं की कालचा आर्म एकही लावू नका, लावलेले काढा, आम्ही येतो. कारण काय असं त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. नंतर मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं. नंजुंडप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिव्या देतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते एवढंच म्हणाले की आधी गाडी काढा, आपलं नंतर बघू.

व्हॅनमध्ये मी, बसू आणि दोन कानशी. एवढ्या आर्मना मशीनवर लावायला वेळ नव्हता, आणि गरजही नव्हती. टेंपर झालेल्या पोलादावर कानस घासली की ती धरते आणि चुरा पडतो. न झालेल्यावर ती नुसती घसरते, काचेवरून घसरावी तशी. एका घासात कळतं. शहर ओलांडून होसकोट्याला पोचायला दीड वाजला. 

मॅनेजरांनी सगळे आर्म जमिनीवर मांडून ठेवले होते. गाड्यांवर चढलेले दहा होते, त्यांचीही चाकं खोलली होती. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून घासत सुटलो. धरली, बाजूला. धरली, बाजूला. घसरली, लाल खडूची फुली. तिथले कामगार कडेने उभे राहून बघत होते. कोणी चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. अडीचला घासणं संपलं. फुली केलेले आर्म बसूने मोजले, मग मी मोजले, मग मॅनेजरांनी मोजले. एकोणचाळीस.

एकूण आर्मही दोनशे चाळीसऐवजी दोनशे एकोणचाळीसच होते. मॅनेजर ऑफिसात जाऊन गेटचं रजिस्टर घेऊन आले. आदल्या दुपारपासून एकच गाडी गेटबाहेर पडली होती. बसची नुसती चासी, बॉडी बांधायला आंध्रात निघालेली. चालक वेंकटप्पा.

ज्यांनी त्या काळात चासी जाताना पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. इंजिन, चाकं, सांगाडा आणि स्टिअरिंग. वर छप्पर नाही, पुढे काच नाही, दारं नाहीत. एका लाकडी खोक्यावर चालक बसतो, डोक्याला टॉवेल गुंडाळतो आणि शेकडो मैल जातो. काही झालं तर अडवायला मधे काहीही नसतं. आणि मुळबागलच्या पुढे आंध्रात उतरणारा घाट आहे.

मॅनेजरांनी जीप दिली. बरोबर एक फिटर आणि चांगला आर्म घेऊन आम्ही निघालो. एप्रिलचं ऊन होतं. लांबून कुठलाही ट्रक दिसला की मी पुढे वाकायचो. रस्त्याच्या कडेला एक लॉरी कलंडलेली दिसली तेव्हा बसूने माझं मनगट धरलं. ती उसाची होती. कोलार गेलं. कोलारला एका पंपावर विचारलं, तर चासी अकराच्या पुढे गेल्याचं कळलं. मी हिशेब करत होतो, आता तो घाटात असेल, आता घाट उतरला असेल. जीपमध्ये मी एकदाही प्रार्थना केली नाही. सुचलीच नाही.

मुळबागल ओलांडल्यावर चिंचांच्या झाडांची रांग लागली आणि तिथे ती उभी होती. चासीच्या चालकांची एक रीत असते. भर उन्हाळ्यात डोक्यावर छप्पर नसल्यामुळे ते दुपारचे चार-पाच तास गाडी बंद ठेवतात आणि सावलीत पडतात. वेंकटप्पाही जेवून झोपला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो उठून टॉवेल गुंडाळत होता. पाय खोक्याकडे टाकलाच होता.

मी जीप थांबायच्या आत उतरलो. चाकाखाली शिरून कानस लावली. घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली.

वेंकटप्पा पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस होता. आम्ही कोण, गाडीखाली काय करतो, असं त्याने कानडीत विचारलं. फिटरने आर्म काढला. वेंकटप्पाने तो बघायला मागितला म्हणून त्याच्या हातात दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला. यात तर काही खोट दिसत नाही म्हणाला. फिटरने तो परत घेतला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवला आणि हातोडा घातला. दुसऱ्या घावाला त्याचे दोन तुकडे झाले.

वेंकटप्पाने दोन्ही तुकडे उचलले. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग फिटरला न विचारता त्याने मलाच विचारलं, कसं काय ते त्यालाच ठाऊक. कदाचित मी एकटाच खाली बसलो होतो म्हणून.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळी नऊला,” मी म्हणालो.

आवाज न चढवता तो म्हणाला, “मी साडेदहाला निघालो.”

एवढंच बोलून तो तुकडे जीपच्या मागच्या बाजूला ठेवायला गेला. नवा आर्म बसेपर्यंत तो आमच्यापासून दूर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. काम झाल्यावर फिटरला नमस्कार केला, बसूलाही केला, आणि खोक्यावर बसून निघून गेला. त्याच्यावर मी रागावू शकत नव्हतो. रागावायला मला फार आवडलं असतं.

कामाचं पुढे जे व्हायचं ते झालं. होसकोट्याचं काम सहा महिने आम्हाला मिळालं नाही. मालकांनी मला काढलं नाही, बसूलाही नाही. मात्र वर्षभर माझ्या प्रत्येक सर्टिफिकेटवर माझ्या सहीखाली बसूची सही लागायची. तो डायल बघायचा, मान हलवायचा आणि मोठ्या अक्षरात सही करायचा. एकदाही न बघता त्याने ती केली नाही. तो मला अण्णाच म्हणत राहिला. पण तुम्ही लिहिलं म्हणजे बघितलंच, हे वाक्य मात्र पुन्हा कधी त्याच्या तोंडून आलं नाही.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. आमची उपासना संध्याकाळी असे, कारण सकाळी ते उपासनामंदिर कानडी मंडळीकडे असायचं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्या कानावर गोष्ट गेली होती. उपासनेत त्यांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगणं. सगळ्यांना अपेक्षा होती की देवाने त्या चालकाला चिंचेखाली कसं निजवलं ते मी सांगेन. मीही तसंच सांगायचं ठरवून उभा राहिलो होतो. पण उभं राहिल्यावर ते जमेना. मी म्हणालो, “काल सकाळी नऊला मला चूक कळली. बारापर्यंत मी प्रार्थना करत होतो. फोन टेबलावर होता.” आणि खाली बसलो.

साक्षीनंतर मंडळी एकत्र आमेन म्हणते. त्या दिवशी कोणाला म्हणावं की नाही ते कळेना. पाळकसाहेबांनी घाईने पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. मला मात्र मोकळं वाटत होतं. चारचौघांत आपला कमीपणा सांगायला धैर्य लागतं, असं काहीसं मनात चाललं होतं.

परतताना माझी पत्नी सुशीला बरोबर होती. सुशीला शाळेत शिकवायची आणि समोरच्याने उत्तर अर्धवट दिलं की तिला लगेच कळायचं. घराच्या फाटकाशी येऊन ती थांबली.

“त्यात प्रार्थनेला कशाला आणलंत?” ती म्हणाली.

मी म्हटलं, खरंच करत होतो.

“तुम्ही घाबरला होता. तेवढंच सांगायचं होतं.” तिच्या आवाजात राग नव्हता. “आता लोकांना वाटेल, देवाने उत्तर द्यायला उशीर केला.”

मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो. पुढच्या रविवारी पाहुणे पाळक होते. त्याच्या पुढच्या रविवारी मला ताप होता. नंतर तो विषय मंडळीत शिळा झाला. गिअरची गोष्ट मात्र मी त्यानंतरही एकदा सांगितली. सुशीला बाकावरून माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे न बघता ती पुरी केली. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

तेव्हा संपादकांनी जागा दिली आहे तर इथे लिहितो. त्या शनिवारी सकाळी गुडघे टेकले होते हे खरं आहे, तोंडात देवाचं नाव होतं हेही खरं आहे. पण मी घाबरलो होतो. नोकरी जाईल म्हणून नाही, ती दुसरी मिळाली असती. आमचा इन्स्पेक्टर खोटं लिहीत नाही, हे वाक्य मालक पुन्हा कोणाला ऐकवणार नाहीत म्हणून घाबरलो होतो. तिकडे होसकोट्याला वेंकटप्पा टॉवेल गुंडाळून खोक्यावर चढत होता, आणि इकडे मी दाराला कडी घालून माझं नाव जपत बसलो होतो.